पाइपातली गुडगुड आणि जिभेची आग

पाइप ओढणाऱ्यांच्या तक्रारी फिरून फिरून दोनच असतात. बाऊल (तंबाखू भरायची वाटी) निम्मा झाला की आतून हुक्क्यासारखी गुडगुड सुरू होते आणि एखाद्या झुरक्यासरशी कडूजहर पाणी थेट जिभेवर येतं, ही एक. दुसरी म्हणजे बाऊल इतका तापतो की हातात धरवत नाही, आणि रात्री वरणभात खाताना जिभेचा शेंडा झोंबतो. पहिलीवर उपाय म्हणून लोक फिल्टर आणतात, दुसरीवर जाड भिंतीचा नवा पाइप. पैसे जातात, तक्रार राहते. कारण दुखणं पाइपात कमी आणि तंबाखूत जास्त असतं.

ओला तंबाखू धड पेटत नाही. तो पेटता ठेवायला माणूस जोरजोरात ओढतो. जोरात ओढलं की निखारा फुलतो, आणि फुललेला निखारा खालच्या ओल्या थराची वाफ करतो. ती वाफ धुराबरोबर नळीतून येऊन जीभ भाजते आणि वाटेत थंड झाली तर पाणी होऊन साचते. भाताचं झाकण उचलताना वाफेनं हात कसा चटकन पोळतो, तेवढ्याच गरम कोरड्या हवेनं पोळत नाही. पाइपातही तोच हिशेब आहे. म्हणजे पाणी आणि उष्णता ही दोन दुखणी नाहीतच, एकाच दुखण्याची दोन लक्षणं आहेत.

एक खुलासा आधीच करून टाकू. खाली जे सांगितलं आहे त्यानं तोंड भाजायचं थांबतं, तंबाखूचा धोका थांबत नाही. धूर छातीत न घेताही पाइपमुळे तोंडाचा, घशाचा कॅन्सर होऊ शकतो, आणि धूर थंड केला किंवा फिल्टर लावला म्हणून तो टळत नाही. जो ओढत नाही त्यानं हे वाचून सुरू करावं असं यात काही नाही.

पाणी येतं कुठून

तीन ठिकाणांहून. पहिलं, तंबाखूत मुळात असलेली ओल. दुसरं, जळण्यातून तयार होणारं पाणी. अगदी खडखडीत वाळलेला तंबाखू जाळला तरी वाफ होतेच, ती टाळता येत नाही. तिसरं, आपली लाळ. यातलं पहिलं आटोक्यात आणायला सर्वांत सोपं आहे.

आकड्यांत बघा. मध्यम आकाराच्या बाऊलमध्ये साधारण अडीच ग्रॅम तंबाखू बसतो. डब्यातून नुकत्याच काढलेल्या ओलसर तंबाखूत पाचवा हिस्सा पाणी धरलं, तर बाऊलमध्ये अर्धा ग्रॅम पाणी झालं, म्हणजे दहा थेंब. तोच तंबाखू १३ टक्के ओलीवर आणला तर सहाच थेंब उरतात. चार थेंबांचा फरक ऐकायला काहीच नाही. पण पाइपाच्या दांडीतलं, म्हणजे बाऊल आणि तोंडात धरायची नळी यांना जोडणाऱ्या भागातलं, भोक असतं साडेतीन-चार मिलिमीटरचं. त्यात एक थेंब आडवा बसला तरी गुडगुड ऐकू येते. जळण्यासाठी १२ ते १४ टक्के ओल चांगली. त्याहून कोरडा तंबाखू भरभर जळतो आणि तोही तापतो, म्हणून "जितका कोरडा तितका बरा" हेही खरं नाही.

लाळ की तंबाखूचं पाणी, हे ओळखायला पाइप क्लीनर (धागे गुंडाळलेली लवचिक तार) आत घालून बाहेर काढा आणि नीट बघा. बाऊलकडचं टोक तपकिरी आणि ओलं, तोंडाकडचा भाग जवळपास कोरडा, तर तंबाखू ओला आहे. तोंडाकडचा भाग ओला आणि पाणी पांढरट, फेसाळ, तर लाळ आहे. लाळेवर वाळवण्याचा इलाज चालत नाही. पाइप दातांत धरून काम करणाऱ्यांच्या नळीत लाळ हमखास उतरते. वाकून विळा चालवताना किंवा ट्रॅक्टरखाली डोकं घालताना तोंड खाली होतं आणि नळी पन्हाळीसारखी होते. काम करायचं तर पाइप बाजूला ठेवावा, ओढायचा तर धुऱ्यावर बसून ओढावा. झुरका घेतला की नळी ओठातून काढायची सवय लावली तरी निम्मं काम होतं.

वाळवणं: मोसम बघून

पाइपाच्या तंबाखूवरच्या सल्ल्यांत "१५ ते २० मिनिटं उघडा ठेवा" असं लिहिलेलं असतं. हे माप युरोपातल्या खोलीचं आहे. आपल्याकडे विदर्भात एकच माप बारा महिने चालत नाही. नवतप्यात दुपारच्या हवेत ओल नावालाही नसते, आणि झडी लागली की घरातलं मीठही पाझरतं. त्यामुळे घड्याळ फक्त अंदाजापुरतं. खरी परीक्षा बोटांची.

ओढायचा तेवढाच तंबाखू काढा, सगळा डबा उघडा टाकू नका. छापील नसलेल्या कोऱ्या कागदावर किंवा स्टीलच्या ताटात एका थराचा पसरा. वर्तमानपत्र नको, शाईचा वास लागतो. जाड चकत्यांचा, म्हणजे फ्लेक असेल तर आधी बोटांनी चोळून मोकळा करा. चकती वरून वाळते आणि आत ओलीच राहते, आणि अर्ध्या बाऊलनंतर तीच ओल बाहेर येते.

मे महिन्यात सावलीत, मोकळ्या कापाच्या तंबाखूला पाच ते दहा मिनिटं पुरतात. उन्हात कधीच ठेवू नका. वास उडून जातो आणि कडा चुरचुरीत होतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी वीस मिनिटं ते अर्धा तास. पावसाळ्यात तास झाला तरी फरक दिसत नाही, कधी कधी उलट तंबाखूच ओल ओढतो. अशा वेळी ताट पेटत्या पिवळ्या बल्बखाली वीतभर अंतरावर ठेवा, किंवा जेवण झाल्यावर कोमट राहिलेल्या तव्यावर कागद घालून त्यावर पसरा. तवा असा हवा की त्यावर तळहात निवांत टेकवता येईल. चुलीच्या वायलावर ठेवू नका. तिथं धूर लागतो आणि कधी नुसती वाफ.

कूलरसमोर तंबाखू पसरणं ही खास आपल्याकडची चूक. हवा जोरात येते म्हणून वाळेल असं वाटतं, पण कूलरची हवा ओल्या वाळ्यातून किंवा ताट्यातून येते. तासाभरानं उचलाल तर तंबाखू आधीपेक्षा जड. कूलर चालू असलेल्या खोलीत तंबाखूची बरणीही उघडी ठेवू नये. सपरीत न्या.

आता बोटांची परीक्षा. चिमूटभर तंबाखू अंगठा आणि दोन बोटांत घट्ट दाबा, मनात पाच मोजा आणि सोडा. गोळी तशीच बसून राहिली, बोटांना गारवा लागला, तर ओला. गोळी सावकाश उलगडली, धागे मऊ आहेत पण बोटाला काही चिकटलं नाही, तर बरोबर. दाबतानाच कुरकुर वाजलं आणि बोटांखाली भुगा पडला, तर जास्त वाळला. बोटांना नीट कळत नसेल तर दाबलेला तंबाखू वरच्या ओठाला लावून बघा. तिथली कातडी गारवा चटकन ओळखते. दिवसभर वावरात राबलेल्या बोटांना हा फरक कळत नाही, म्हणून ओठाची युक्ती. आणि फवारणी करून आलेल्या हातांनी तंबाखू चिवडू नका, ओठाला तर मुळीच लावू नका. साबणानं हात धुऊन, कपडे बदलून मगच.

ज्यांना मोजूनच करायचं आहे त्यांनी छोटा डिजिटल काटा वापरावा. पाचव्या हिश्शाची ओल असलेला २५ ग्रॅम तंबाखू २३ ग्रॅमवर आला की तो १३ टक्क्यांवर आला. दोन-तीनदा असं तोलून पाहिलं की हाताला सवय होते, मग काटा लागत नाही.

काही सुगंधी तंबाखू मात्र कितीही ठेवले तरी चिकटच राहतात. त्यांत ओल टिकवायला प्रोपिलीन ग्लायकॉल घातलेलं असतं. पाणी गेलं तरी ते मागे राहतं, म्हणून बोटाला ओलावा लागतो आणि काट्यावर वजन उतरत नाही. अशा तंबाखूमागे तासनतास घालवू नका. त्यात निम्मा साधा, बिनसाखरेचा बर्ली जातीचा तंबाखू मिसळा, नाहीतर तो सोडून द्या. गुडगुडीची तक्रार करणाऱ्या बहुतेकांच्या डब्यात असाच व्हॅनिला-चेरीचा तंबाखू सापडतो.

जास्त वाळला तर पाणी शिंपडू नका; एका ठिकाणी ओला आणि बाकी कोरडा राहतो, आणि बुरशी धरते. बटाट्याचा किंवा सफरचंदाचा काप बरणीत टाकायची जुनी रीतही बुरशीलाच आमंत्रण. ऑगस्टमध्ये बरणीचं झाकण अर्धा तास उघडं ठेवलं की हवाच काम करते. उन्हाळ्यात तंबाखू वाडग्यात घालून वर ओलं करून पिळलेलं फडकं ताणून बांधा, फडकं तंबाखूला टेकू देऊ नका, आणि दर तासाला बोटानं बघा.

तंबाखू कोणता

व्हर्जिनिया जातीच्या तंबाखूत साखर जास्त, म्हणून तो जोरात ओढला की लवकर तापतो आणि जीभ चावतो. सावकाश ओढणाऱ्याला मात्र तोच गोड लागतो. बर्लीत साखर जवळपास नाही, तो थंडपणे आणि कोरडा जळतो. नवशिक्यानं बर्लीपासून सुरुवात केलेली बरी. केसासारखा बारीक कापलेला शॅग भडकन पेटतो. जाड कापाचा तंबाखू पेटायला त्रास देतो पण नंतर गार चालतो.

विडीचा किंवा खर्रा घोटायचा तंबाखू पाइपात भरून बघायचा मोह होतो, कारण तो प्रत्येक ठेल्यावर मिळतो आणि पाइपाचा तंबाखू नागपूरहून आणावा लागतो. भरू नका. तो बारीक, भुग्यासारखा आणि जहाल असतो; भुगा भोकात अडकतो, मग जोरात ओढावं लागतं, आणि पुन्हा तोच फेरा. शिवाय दोन-चार झुरक्यांत चक्कर येते.

भरणं आणि पेटवणं

तंबाखू हातावर घेऊन हलवा आणि बारीक भुगा खाली पडू द्या. बाऊलच्या तळाशी जाणारी पहिली चिमूट लांब धाग्यांची असावी. तळाचं भोक तीच मोकळं ठेवते. वरून सैल सोडत बाऊल काठोकाठ भरा, मग बोटानं हलकेच निम्म्यावर आणा. पुन्हा काठोकाठ भरा, जरा जास्त दाबून पाऊण उंचीवर आणा. तिसऱ्यांदा भरून काठाच्या दोन-तीन मिलिमीटर खाली बसवा. वरून बोट टेकवलं तर तंबाखूनं गादीसारखी थोडी उसळी घ्यावी.

न पेटवता एक झुरका ओढून बघा. उसाचा रस नळीनं पिताना लागतो तेवढाच जोर लागला पाहिजे. दाट शेक पिल्यासारखा गाल आत गेला तर सगळा तंबाखू काढा आणि नव्यानं भरा. लोक इथंच आळस करतात, "होईल मोकळा" म्हणून पेटवतात, आणि पुढचा पाऊण तास भोगतात. गच्च भरलेला पाइप ओढून ओढून कधी मोकळा होत नाही. ओल आली की तंबाखू फुगतो आणि आणखी गच्च होतो. तंबाखू थोडा ओलसरच राहिला असेल तर नेहमीपेक्षा सैल भरा.

पेटवायला आगपेटी चांगली. काडी ओढल्यावर दोन सेकंद थांबा, गुलाचा वास उडू द्या, मग ज्योत गोल फिरवत हलके झुरके घ्या. तंबाखू वर उसळून काळा होईल. ही पहिली आग फक्त वरचा थर भाजून घेण्यासाठी. ती विझू द्या, टॅम्परनं (तंबाखू दाबायच्या चपट्या टोकाच्या दांडीनं) वरचा काळा थर हलकेच सपाट करा, आणि दुसऱ्यांदा पेटवा. टॅम्पर नसेल तर चपट्या माथ्याचा चार इंची खिळा त्याच कामाचा आहे. गॅस पेटवायचं किंवा जोराच्या निळ्या ज्योतीचं लायटर वापरू नका, बाऊलचा काठ जळतो.

वाऱ्यात पाइप पेटवला की वारा भाता मारल्यासारखा निखारा फुलवतो. झुरका न घेताही बाऊल तापत जातो. मोटरसायकलवर पाइप ओढणं म्हणजे पाइप जाळायचा सोपा मार्ग. वावरात बसायचंच तर झाडाच्या बुंध्याआड बसा, किंवा बाऊलवर जाळीचं झाकण लावा. उन्हाळ्यात तंबाखूची ठिणगी कुठं पडते हेही बघा. कुटाराचा ढीग, तुराट्यांची गंजी, वेचलेला कापूस यांच्या जवळपास पाइप झाडू नका. राख डब्यात झाडा आणि वर पाणी टाका.

झुरका

मिनिटाला दोन-तीन हलके झुरके पुरे. विडीसारखा दम मारायचा नाही. विडी सोडून पाइपाकडे आलेल्यांचं नेमकं इथंच चुकतं: विडी ओढली नाही तर विझते, म्हणून हाताला-ओठाला घाईची सवय असते. पाइपात धूर दिसलाच पाहिजे असंही नाही. बारीकसा धूर नळीतून येतो तेवढ्यात चव पुरती कळते.

तापमान बघायला बाऊल गालाला लावा. दोन-तीन सेकंद टेकवता आला तर ठीक. झटकन मागे घ्यावा लागला तर पाइप खाली ठेवा आणि पाच मिनिटं हात लावू नका. विझला तर विझला. पुन्हा पेटवण्यात कमीपणा नाही. एका बाऊलला तीन-चार काड्या लागणं अगदी सामान्य आहे, आणि पाइप विझू न देण्याच्या हट्टापायीच जास्त जिभा भाजल्या आहेत. राख दाबताना टॅम्पर फक्त त्याच्या वजनानं टेकवा. जोरात दाबली की खालचा तंबाखू गच्च होतो.

भर उन्हाळ्यात दुपारी पाइप गार राहावा ही अपेक्षाच चूक. बाहेर ४५ अंश असताना बाऊलनं उष्णता टाकायची कुठे? सकाळी किंवा अंधार पडल्यावर ओढा. थंडीत उलट होतं. गोंदिया-भंडाऱ्याकडच्या डिसेंबरच्या पहाटे नळी बर्फासारखी गार असते आणि वाफ आत शिरताच तिचं पाणी होतं. तंबाखू नीट वाळवूनही हिवाळ्यात गुडगुड येते ती यामुळे. पेटवण्याआधी पाइप दहा मिनिटं बंडीच्या आतल्या खिशात ठेवा.

ओढता ओढता पाणी काढणं

गुडगुड ऐकू आली की ओढणं थांबवा. क्लीनर नळीतून घाला, बाऊलच्या तळाला टेकेपर्यंत ढकला, पाच सेकंद तसाच ठेवा, मग फिरवत काढा. टोक तपकिरी होऊन येईल. दुसऱ्या टोकानं पुन्हा. वाकड्या पाइपात क्लीनर मध्येच अडतो. त्याचं टोक अर्धा सेंटिमीटर किंचित वाकवा आणि नळीच्या वळणाच्या दिशेनं फिरवत घाला. तरीही जात नसेल तर पाइपाची छिद्रं एकमेकांसमोर नाहीत, आणि तो पाइप आयुष्यभर गुडगुडणार.

पाइप गरम असताना दांडीतून नळी ओढून काढू नका. ओल आणि उष्णतेनं लाकूड फुगलेलं असतं. नळीची दांडीत बसणारी खुंटी तुटते, नाहीतर जोड कायमचा सैल होतो.

क्लीनर संपले आणि तालुक्याला जाणं झालं नाही, तर कोंबडीचं लांब, स्वच्छ, वाळलेलं पीस नळीतून फिरवा. जुन्या काळी ते याच कामाला असायचं. खराट्याची काडी नको. ती आत मोडते, आणि मग पाण्याऐवजी काडी काढत बसावं लागतं.

चिलीम ओढणाऱ्यांनी हेच प्रश्न वेगळ्या रीतीनं सोडवले: गळ्यात खडा, बुडाला ओली छापी, आणि आडवी न धरता उभी धरलेली चिलीम. ओल्या चिंधीतून येताना धूर गार होतो आणि काजळी चिंधीत अडकते. पण ती युक्ती पाइपाला लावू नका. मातीच्या चिलमीला ओली चिंधी चालते, तापलेल्या लाकडाला ओलं फडकं गुंडाळलं की तडा जातो. बाऊलमध्ये खडा टाकायचा मात्र हरकत नाही, जर तळाचं भोक तळापासून वर असेल आणि तळाशी नेहमी ओला चोथा उरत असेल तर. खडा वाटाण्याएवढा, सच्छिद्र आणि धुऊन वाळवलेला हवा. त्यापेक्षा टिकाऊ उपाय म्हणजे पाइपाचीच बारीक राख पाण्यात कणकेसारखी मळून तळाशी भोकाच्या खालच्या कडेपर्यंत लिंपणं आणि दोन दिवस वाळू देणं.

पाइपातले दोष

नळीची खुंटी दांडीच्या भोकात तळापर्यंत पोचली पाहिजे. मधे एक-दीड मिलिमीटरपेक्षा जास्त फट राहिली तर तिथं धूर एकदम पसरतो, गार होतो आणि पाणी साचतं. मोजायला आगपेटीची काडी भोकात उभी घालून नखानं खूण करा, मग ती खुंटीच्या लांबीशी ताडून बघा.

काही पाइपांच्या खुंटीत धातूची छोटी जिभली बसवलेली असते. ओल अडवायला म्हणून ती घालतात, पण गार धातूवर वाफेचं पाणी होतं आणि क्लीनरही तिथंच अडतो. काढून टाका, गरम पाण्यात नळीचं तेवढंच टोक बुडवलं की ती सैल होते.

नऊ मिलिमीटरचा कोळशाचा फिल्टर पाणी खरंच शोषतो, पण एका बाऊलपुरता, फार तर दोन. आठवडाभर तोच ठेवला तर ती ओली बत्ती होते. आणि फिल्टरसाठी कोरलेला पाइप फिल्टरशिवाय ओढला तर मोकळ्या पोकळीत पाणी साचतंच. त्यासाठी मिळणारी छोटी नळी बसवा. डब्लिनच्या पीटरसन कंपनीनं १८९० च्या दशकात दांडीतच पाणी साचायला खोलगा ठेवलेला पाइप आणला. तो चांगला चालतो, पण दर बाऊलनंतर खोलगा पुसला तरच.

पाइपाचं लाकूड म्हणजे ब्रायर, भूमध्य समुद्राकाठच्या एका झुडपाच्या मुळाशी वाढणारी गाठ. ती उष्णता सोसते आणि थोडी ओल पिते. मक्याच्या कणसाचा पाइप अमेरिकेतल्या मिसूरीत १८६९ पासून बनतो. तो स्वस्त, हलका आणि ओल पिण्यात ब्रायरपेक्षा सरस. तळ जळेपर्यंत वापरायचा आणि टाकून द्यायचा. ज्यांना एकच पाइप घ्यायचा आहे आणि सांभाळायचा कंटाळा आहे, त्यांनी हाच घ्यावा.

नंतरची निगा

बाऊल संपला की गुल झाडा, क्लीनर दुमडून दांडीत घाला, नव्या कोरड्या क्लीनरनं नळी पुसा आणि पाइप भिंतीला टेकवून उभा ठेवा. उन्हाळ्यात एक दिवस, पावसाळ्यात दोन ते तीन दिवस विश्रांती द्या. रोज ओढणाऱ्याकडे म्हणूनच निदान तीन पाइप हवेत. ओल्या लाकडाचा पाइप पुन्हा पेटवला की लाकडातलीच वाफ धुरात येते. मग कितीही वाळवलेला तंबाखू भरा, पहिल्या झुरक्यापासून गुडगुड. ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्ये किंवा चुलीवरच्या फळीवर पाइप ठेवू नका.

आतल्या भिंतीवर काजळीचा थर धरतो, तो जुन्या नाण्याएवढा जाड असेपर्यंत ठेवा. उष्णता लाकडापर्यंत पोचू न देण्याचं काम तोच करतो. दीड मिलिमीटरच्या वर गेला की खरवडा. तापल्यावर तो लाकडापेक्षा जास्त फुगतो आणि बाऊल फुटतो. टोकदार चाकूनं नको, तळाला भोक पडेल. खडबडीत पॉलिशपेपर बोटाला गुंडाळून फिरवा.

महिन्यातून एकदा धुणं. पाइप पूर्ण गार झाल्यावर नळी वेगळी करा. आंघोळीच्या पाण्याएवढं गरम पाणी बाऊलमधून दांडीकडे दहा-पंधरा सेकंद जाऊ द्या, क्लीनर फिरवा, पुसा, दोन दिवस वाळवा. काळ्या रबराच्या नळीला गरम पाणी नको, ती पिवळट-तपकिरी पडते. कणसाच्या पाइपाला पाणी अजिबात नको. पाइपाला आंबट वास धरला असेल तर बाऊलमध्ये कापूस भरून त्यावर रमचे थेंब सोडा आणि रात्रभर ठेवा. सकाळी कापूस चहाच्या गाळासारखा होतो. कापसाला आपल्याकडे तोटा नाही, रमचा मात्र वर्धा आणि गडचिरोलीत प्रश्न येतो, तिथं दारूबंदी आहे. तिथल्यांनी गरम पाण्यावरच भागवावं. रंगात मिसळायचं स्पिरिट, दवाखान्यातलं स्पिरिट किंवा गावठी मोहाची वापरू नका. पहिल्या दोन्हींत तोंडात जाऊ नये असलं काय असेल सांगता येत नाही, आणि तिसरीचा वास पाइपातून वर्षभर जात नाही.

जीभ आधीच भाजली असेल तर

तीन-चार दिवस पाइप बंद. ताक प्या, तिखट टाळा. बरं वाटल्यावर दिवसातून एकच बाऊल, तोही बर्लीचा आणि निम्माच भरलेला. खर्रा खाणाऱ्यांनी लक्षात घ्यावं, की त्यातला चुना गाल आणि जीभ आधीच सोलून ठेवतो. अशा तोंडात गार धूरही आगीसारखा लागतो. दोष पाइपाचा वाटतो आणि माणूस फिल्टर बदलत बसतो. तोंड पूर्वीएवढं उघडत नसेल, कुठं पांढरा किंवा लाल चट्टा असेल, किंवा फोड दोन आठवड्यांत भरला नसेल, तर पाइप-खर्रा दोन्ही बाजूला ठेवून दातांच्या डॉक्टरला तोंड दाखवा, आणि दाखवताना खर्रा खातो हे लपवू नका. तो बघताक्षणी ओळखतोच.